इशारा मिळताच रूप बदलणारं जेल बनवायचंय? रेणूपासून व्हायलपर्यंत सगळं

पीएच उतरला की घट्ट होणारं जेल, गरम केलं की पाण्यातून बाहेर पडणारं पॉलिमर, उजेड पडला की मोडणारे मायसेल (पाण्यात रेणू एकत्र येऊन बनलेले सूक्ष्म गोळे), या सगळ्यांवर पेपर ढिगाने आहेत. पण असा रेणू स्वतः डिझाइन करायचा झाला तर सुरुवात कुठून करायची, कुठला आकडा आधी बघायचा, हे एका जागी कुठे सापडत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय. एम.एस्सी. झालेलं किंवा पीएच.डी.ला नुकतं लागलेलं कोणीतरी डोळ्यासमोर आहे, म्हणजे पीकेए (ज्या पीएचला गटाच्या निम्म्या रेणूंनी प्रोटॉन सोडलेला असतो तो आकडा), हायड्रोजन बंध, मायसेल हे शब्द ऐकलेले आहेत असं धरून चाललोय.

सुरुवातीलाच माझं म्हणणं सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. बरेच जण आधी सेल्फ-असेंब्ली करणारा, म्हणजे आपोआप जुळून रचना बनवणारा रेणू घेतात आणि मग त्याला कुठेतरी एक स्विच जोडतात, कधी अझोबेंझीन (प्रकाशाने आकार बदलणारा गट), कधी डायसल्फाइड (दोन गंधकांमधला, रिड्यूस केला की तुटणारा बंध). रेणू जुळतो, स्विचही काम करतो (स्पेक्ट्रममध्ये स्पष्ट दिसतं), पण जेलला काही फरकच पडत नाही. कारण स्विच अशा जागी असतो जिथे काही ठरतच नाही. रेणू जुळणार की सुटणार हे ज्या एका गोष्टीवर अडलेलं आहे ती गोष्ट आधी शोधायची आणि स्विच नेमका तिथे बसवायचा.

पायरी १: आधी काम, रेणू नंतर

कागदावर चार प्रश्नांची उत्तरं लिहा. इशारा कोणता, तो बदल किती मोठा आहे, प्रतिसाद किती वेळात हवा, आणि इशारा गेला की परत मूळ रूपात यायला हवं का.

दुसरा प्रश्न सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो. पेशीच्या आत औषध सोडायचं असेल तर रक्तातला ७.४ पीएच एंडोसोममध्ये (पेशी बाहेरचं ज्यात भरून आत घेते ती पिशवी) साधारण ६.५ ते ५ पर्यंत उतरतो, म्हणजे हाताशी बदल जेमतेम एक-दोन युनिटचा, आणि तुमचा स्विच जर पीएच ३ ला चालत असेल तर तो कितीही सुंदर असला तरी इथे उपयोग शून्य. डायसल्फाइडच्या बाबतीत मात्र परिस्थिती खूप उदार आहे, पेशीच्या आत ग्लुटाथायोन (डायसल्फाइड तोडणारा रेणू) १ ते १० मिलीमोलार आणि बाहेर फक्त काही मायक्रोमोलार, म्हणजे फरक शेकडो पटींचा.

काम आधी ठरलं की रेणू कसा आपोआप निवडला जातो याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे तेरुओ ओकानोंच्या गटाने केलेली पेशी वाढवायची डिश. पृष्ठभागावर पॉली-एन-आयसोप्रोपिल-अ‍ॅक्रिलअमाइड, म्हणजे पीनायपॅम. ३७ अंशाला ते आकसलेलं असतं आणि पेशी त्याला धरून वाढतात, डिश २० अंशाच्या आसपास आणली की पॉलिमर पाणी पिऊन फुलतं आणि पेशींचा अख्खा थर ट्रिप्सिन (पेशी सोडवायला वापरतात ते एन्झाइम) न वापरता सुटून येतो. उंबरठा, म्हणजे पॉलिमर ज्या तापमानाला रूप बदलतं तो आकडा, २० आणि ३७ च्या मध्ये कुठेतरी हवा होता आणि पीनायपॅमचा ३२ आहे.

पायरी २: रेणूच्या आकारावरून रचना ओळखा

इथे थोडा वेळ थांबायचं, कारण एक छोटं गणित फार मोठं काम करून देतं. रेणूचं पाणी आवडणारं टोक म्हणजे डोकं आणि पाणी न आवडणारी कार्बनची साखळी म्हणजे शेपटी. १९७६ मध्ये इस्राएलाचविली, मिचेल आणि निनहॅम यांनी मांडलेला पॅकिंग पॅरामीटर: शेपटीचं आकारमान भागिले (डोक्याला लागणारं क्षेत्रफळ गुणिले शेपटीची लांबी). उत्तर एक तृतीयांशापेक्षा कमी आलं तर गोल मायसेल, एक तृतीयांश ते अर्धा असेल तर लांबट दंडगोल, अर्धा ते एक असेल तर दुहेरी थर आणि व्हेसिकल (त्या थराची पोकळ पिशवी), एकच्या वर गेलं तर सगळं उलटं, म्हणजे डोकी आत आणि शेपट्या बाहेर.

शेपटीसाठी टॅनफर्ड यांची सूत्रं वापरा. कार्बनची संख्या एन धरली तर आकारमान ०.०२७४ + ०.०२६९ × एन घन नॅनोमीटर, आणि पूर्ण ताणलेली लांबी ०.१५ + ०.१२६५ × एन नॅनोमीटर. आता सोडियम डोडेसिल सल्फेट घेऊन बघू, कार्बन १२. आकारमान येतं ०.३५०, लांबी १.६७, डोक्याचं क्षेत्रफळ साधारण ०.६२ चौरस नॅनोमीटर धरा. ०.३५० भागिले १.०३५, म्हणजे ०.३४. अगदी गोल आणि लांबट यांच्या सीमेवर!

आता या एकाच रेणूशी खेळा. मीठ घातलं की सल्फेटवरच्या ऋण प्रभारांचं एकमेकांना ढकलणं कमी होतं, डोकी जवळ येतात, समजा क्षेत्रफळ ०.५० वर आलं तर उत्तर ०.४२ होतं आणि गोल मायसेल लांबायला लागतात, जे भरपूर मिठात प्रत्यक्ष दिसतंही. त्याच डोक्याला दोन शेपट्या जोडल्या तर आकारमान दुप्पट, लांबी तीच, उत्तर ०.६८, म्हणजे थेट दुहेरी थराच्या पट्ट्यात. लिपिड दोन शेपट्यांचे का असतात हे इथे कळतं.

यात आपल्या कामाची गोष्ट अशी की ज्या रेणूचं उत्तर सीमेच्या जवळ आहे तो छोट्याशा इशाऱ्यालाही रूप बदलतो, आणि ज्याचं उत्तर पट्ट्याच्या मधोमध आहे तो ढिम्म राहतो. म्हणून मुद्दाम सीमेजवळचा रेणू निवडा. फक्त हे लक्षात असू द्या की डोक्याचं क्षेत्रफळ हा रेणूचा कायमचा गुण नाही, तो मीठ, पीएच, तापमान यांच्यावर अवलंबून आहे, आणि म्हणूनच तर इशारा द्यायला वाव मिळतो.

सोबत किती सांद्रतेला मायसेल बनायला लागतात तेही बघा. आयनी डोक्याच्या सरळ शेपटीत दोन कार्बन वाढवले की ही सांद्रता ढोबळमानाने चौपटीने खाली येते, बिनप्रभारी डोकं असेल तर सुमारे दहापट. डोडेसिल सल्फेटसाठी ती २५ अंशाला सुमारे ८ मिलीमोलार आहे. शरीरात टोचल्यावर द्रावण प्रचंड पातळ होतं, तिथे इतक्या जास्त सांद्रतेची गरज असलेला मायसेल लगेच विरघळून जाईल.

पायरी ३: पकड कशाची आहे ते ओळखा

तंतूंचं जेल हवं असेल तर पॅकिंगच्या गणिताने भागत नाही, तिथे दिशा असलेले बंध लागतात. २५ अंशाला उष्णतेची धडपड, म्हणजे आरटी, सुमारे २.५ किलोज्यूल प्रति मोल आहे आणि पाण्यात एकटा हायड्रोजन बंध या धडपडीपुढे फार टिकत नाही, कारण पाणी स्वतःच दोन्ही बाजूंनी बंध द्यायला तयार बसलेलं असतं. मायर यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवलेला युरिडोपिरिमिडिनोन गट चार हायड्रोजन बंधांनी क्लोरोफॉर्ममध्ये जबरदस्त जुळतो, पण तोच गट उघड्या पाण्यात सोडला तर ती ताकद राहत नाही. पाण्यात तो वापरायचा तर त्याच्याभोवती पाणी न आवडणारा कप्पा करून द्यावा लागतो.

म्हणून चांगल्या जेल-रेणूत तीन भाग जवळपास नेहमी दिसतात. २००१ मध्ये स्टुप यांच्या गटाने केलेला पेप्टाइड अ‍ॅम्फिफाइल बघा: १६ कार्बनची शेपटी रेणूंना एकत्र ढकलते, मधला पेप्टाइडचा तुकडा हायड्रोजन बंधांनी त्यांना एका दिशेत लावतो, आणि टोकाचे प्रभारित गट पाण्याला धरून ठेवतात, नाहीतर सगळं गाळ होऊन खाली बसलं असतं. पीएच उतरवला की टोकाचा प्रभार कमी होतो आणि सात-आठ नॅनोमीटर जाडीचे लांब तंतू तयार होतात.

या तिघांच्या ओढाताणीत जेल जन्माला येतं. पाणी न आवडणारा भाग जास्त झाला तर गाळ किंवा स्फटिक, कमी झाला तर साधं द्रावण. रेणू पहिल्यांदाच विरघळून बसला तर निराश न होता एक बेंझीन रिंग किंवा दोन कार्बन वाढवा, गाळ झाला तर एक प्रभारित अमिनो आम्ल जोडा, बहुतेक वेळा इतक्याने काम मार्गी लागतं.

पायरी ४: स्विचची जागा

आता वरच्या तीन भागांपैकी कुठल्या भागावर गाडी अडली आहे ते विचारा. टोकाच्या प्रभारावर अडली असेल तर पीएच किंवा एन्झाइमचा स्विच, शेपटीच्या आकारावर असेल तर प्रकाशाचा, पाण्याशी असलेल्या बंधांवर असेल तर तापमानाचा.

एन्झाइमसाठी बिंग शू यांच्या गटाचं २००४ चं काम अगदी स्वच्छ आहे. एफमॉक (पेप्टाइड रसायनात वापरतात तो पाणी न आवडणारा, रिंगांचा गट) जोडलेल्या टायरोसिनवर फॉस्फेट होतं तोवर दोन ऋण प्रभारांमुळे रेणू पाण्यात आरामात, फॉस्फेटेज या एन्झाइमने ते कापलं की जेल. कापलेला गट छोटासाच, पण प्रभाराचं सगळं ओझं त्याच्यावर होतं.

पीएचसाठी लिपिड नॅनोकणांमधला आयनायझेबल, म्हणजे पीएचनुसार प्रभार घेणारा लिपिड बघा, कारण इथे पायरी २ आणि ४ एकत्र येतात. २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पॅटिसिरॅन या औषधातल्या लिपिडचा पीकेए ६.४४ आहे. हेंडरसन-हॅसेलबाल्च समीकरणात (पीएच आणि पीकेएवरून किती गट प्रभारित ते सांगणारं) आकडे घाला: ७.४ ला जेमतेम १० टक्के डोकी धन प्रभारित, आणि ५.५ ला जवळपास ९० टक्के. म्हणजे रक्तात कण बऱ्यापैकी शांत राहतो, आणि एंडोसोममध्ये गेला की ही धन डोकी तिथल्या पडद्याच्या ऋण लिपिडशी जोडी करतात, त्या जोडीचा आकार डोकं लहान आणि शेपट्या पसरलेल्या असा असतो, पॅकिंग पॅरामीटर एकच्या वर जातो, दुहेरी थर टिकत नाही आणि आतला आरएनए बाहेर पडायला वाट मिळते. स्विच डोक्यातच आहे आणि आकार ठरवणारं डोकंच आहे, याहून चांगली जागा कुठली असणार?

प्रकाशाबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. अझोबेंझीन ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाने ट्रान्सचं सिस होतं, टोकांमधलं अंतर ०.९ वरून ०.५५ नॅनोमीटरवर येतं आणि सपाट रेणू वाकडा होतो. शेपटीच्या मधोमध असेल तर रचना मोडते, लवचीक साखळीने दूर लटकवलेला असेल तर काहीच होत नाही. पण जागा बरोबर असूनही जेल का वितळत नाही हे बऱ्याच जणांना कळत नाही, तर त्याचं हे गणित बघा: ट्रान्स रूप त्याच्या शिखरावर मोलार शोषण गुणांक सुमारे २०,००० इतकं शोषतं, जेलमध्ये ते १० मिलीमोलार असेल तर फक्त ५० मायक्रोमीटर जाडीत ९० टक्के प्रकाश संपतो. एक सेंटिमीटर जाड व्हायलच्या आतल्या रेणूंना सुरुवातीला काही पोहोचतच नाही. त्यामुळे पातळ थर घ्या, शिखरापासून थोडी दूरची तरंगलांबी वापरा, किंवा ऑर्थो जागी फ्लोरीन असलेली अझोबेंझीनं बघा, ती दृश्य प्रकाशावर चालतात आणि त्यातल्या काहींचं सिस रूप कमालीचं टिकाऊ असतं.

पायरी ५: उंबरठा हवा तिथे सरकवा

तापमानासाठी पीनायपॅमला पाणी आवडणारा जोडीदार, उदाहरणार्थ अ‍ॅक्रिलिक आम्ल, दिलात की उंबरठा वर सरकतो, ब्युटाइल मेथाक्रिलेटसारखा पाणी न आवडणारा दिलात की खाली. मिठाने तो खाली येतो, त्यामुळे साध्या पाण्यात मोजलेला आकडा बफरसाठी गृहीत धरू नका. मला स्वतःला ऑलिगो-इथिलीन-ग्लायकॉल मेथाक्रिलेटचे कोपॉलिमर जास्त पटतात, कारण लहान आणि लांब बाजूसाखळीचं प्रमाण बदलून उंबरठा साधारण २६ ते ९० अंशांत हवा तिथे नेता येतो, आणि थंड करताना ते लगेच परत विरघळतात. पीनायपॅममध्ये आकसलेल्या अवस्थेत अमाइड गट आपापसात बंध धरून बसतात, म्हणून परत यायला ते थोडं रेंगाळतं.

पीएचचं प्रकरण जास्त खोल आहे. पुस्तकातला पीकेए हा एकट्या, पाण्यात सुट्या फिरणाऱ्या रेणूचा असतो. एफमॉक-डायफिनाइलअ‍ॅलानिनचा तसा धरलेला पीकेए ३.५, पण २००९ मध्ये तंतू बनत असताना टायट्रेशन (थोडंथोडं आम्ल घालत पीएच मोजणं) केलं तेव्हा दोन वेगळे पीकेए दिसले, एक सुमारे ६.४ युनिट वर आणि दुसरा सुमारे २.२ युनिट वर. म्हणजे जवळपास ९.९ आणि ५.७! कारण समजायला सोपं आहे: तंतूवर कार्बोक्झिलेट गट एकमेकांना खेटून आहेत, आजूबाजूला बेंझीन रिंगांची गर्दी, अशा ठिकाणी ऋण प्रभार ठेवणं महाग पडतं, म्हणून गट प्रोटॉन लवकर पकडतो आणि सोडायला तयार होत नाही. त्यामुळे टेबलातला आकडा बाजूला ठेवा आणि तुमच्याच सांद्रतेला, तुमच्याच मिठात, हळूहळू आम्ल घालत टायट्रेशन करा. पीएचचा आलेख जिथे सपाट होतो तो तुमचा खरा उंबरठा.

पायरी ६: पहिलं जेल लावा

सरावासाठी हाच एफमॉक-डायफिनाइलअ‍ॅलानिन घ्या, विकत मिळतो आणि वागणं माहितीतलं आहे. रेणूभार ५३४.६. पाच मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर घेतलं तर ९.४ मिलीमोलार होतं, म्हणजे एका मिलिलिटरसाठी ०.१ मोलार सोडियम हायड्रॉक्साइड सुमारे ९४ मायक्रोलिटर, एकास एक प्रमाणात. पावडर पाण्यात टाका, हायड्रॉक्साइड घाला, चुंबकाने ढवळत ठेवा, गरज पडली तर सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी हलवा). वेळ लागतो, घाईने जास्तीचं अल्कली ओतू नका, कारण एफमॉक गट अल्कलीत हळूहळू सुटून जातो आणि मग तुम्ही भलत्याच मिश्रणाचं जेल मोजत बसता. पूर्ण स्वच्छ झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आता पीएच उतरवायचा. हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकलात की थेंब पडला तिथेच गुठळी होते आणि बाकी द्रावण तसंच राहतं, कारण जेल बनण्याचा वेग मिसळण्यापेक्षा जास्त आहे. डेव्ह अ‍ॅडम्स यांच्या गटाने २००९ मध्ये यावर छान उपाय दिला, ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन. ते आधी विरघळतं आणि मग सावकाश ग्लुकोनिक आम्ल होतं, त्यामुळे सगळीकडे पीएच एकसारखा उतरतो. मोजलेली पावडर रिकाम्या व्हायलमध्ये ठेवा, त्यावर द्रावण ओता, हलक्या हाताने फिरवा आणि रात्रभर हात लावू नका. पावडर कमी-जास्त करून शेवटचा पीएच ठरवता येतो.

दुसरी वाट म्हणजे डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं द्रावण करून पाण्यात पातळ करणं. आधी दुधाळ होतं आणि मग काही मिनिटांत पारदर्शक घट्ट. रेणू तोच, पण तंतूंची जाळी वेगळी आणि जेलची ताकदही वेगळी. म्हणून वहीत फक्त सांद्रता लिहून चालत नाही, कोणत्या क्रमाने काय घातलं, किती जोरात ढवळलं, किती वेळ ठेवलं, तापमान काय होतं, सगळं लिहा, कारण तोसुद्धा डिझाइनचाच भाग आहे. (हायड्रॉक्साइड हाताळताना चष्मा हवाच, आणि डायमिथाइल सल्फॉक्साइड त्वचेतून आत जातं, सोबत विरघळलेलंही नेतं, हातमोजे विसरू नका.)

पायरी ७: तपासणी

व्हायल उलटी करून फोटो काढणं ठीक आहे पण तो पुरावा नाही, नुसतं दाट द्रावणही थोडा वेळ लटकून राहतं. रिओमीटरवर (पदार्थाचा ताठपणा आणि वाहणं मोजणारं यंत्र) आधी विकृती, म्हणजे नमुना किती ताणला जातो ते, वाढवत न्या आणि कुठपर्यंत आलेख सपाट राहतो ते बघा, मग त्या सपाट भागातली एक विकृती धरून फ्रीक्वेन्सी बदला. साठवण मॉड्युलस (घनासारखा लवचीक भाग) हानी मॉड्युलसपेक्षा (द्रवासारखा वाहणारा भाग) साधारण दहापट वर आणि जवळपास आडवा असेल तर जेल म्हणा. नमुना चमच्याने उचलून प्लेटवर टाकू नका, जाळी मोडते, शक्य असेल तर प्लेटवरच किंवा कपातच जेल बनू द्या.

इन्फ्रारेडसाठी जड पाणी वापरा, साध्या पाण्याचा पट्टा १६४० प्रति सेंटिमीटरच्या आसपास येऊन अमाइडचा सिग्नल गिळतो. बीटा-शीट असेल तर १६३० च्या जवळ शिखर दिसतं. इथे एक फसवी गोष्ट: पेप्टाइड सिंथेसिसमधून उरलेलं ट्रायफ्लोरोअ‍ॅसिटेट १६७० च्या थोडं वर स्वतःचं शिखर दाखवतं आणि त्याला कोणीतरी हमखास रचनेचं नाव देऊन टाकतं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला नमुना वाळवताना मीठ आणि रेणू दोन्ही दाट होत जातात, त्यामुळे दिसलेले तंतू वाळताना बनले की आधीपासून होते हा प्रश्न राहतोच. क्रायो, म्हणजे नमुना न वाळवता गोठवून बघणारं मायक्रोस्कोप मिळालं तर उत्तम, नाहीतर एक्स-रे किंवा न्यूट्रॉन स्कॅटरिंगने ओल्या नमुन्यावर जाडी पडताळा.

इशारा देऊन परत आणायचं असेल तर तीन-चार फेऱ्या करा आणि दर फेरीला मॉड्युलस मोजा. आम्ल-अल्कलीच्या दर फेरीत मीठ साचत जातं, म्हणून चौथ्या वेळचं जेल पहिल्यासारखं वागलं नाही तर रेणूला दोष देण्याआधी तेवढंच मीठ सुरुवातीलाच घातलेला नमुना लावून बघा.

आणि कंट्रोल रेणू (तसाच, पण स्विच नसलेला) बनवल्याशिवाय काहीही लिहू नका, इथे मी अजिबात सवलत देणार नाही. डायसल्फाइडचा स्विच असेल तर त्याच लांबीची, गंधकांच्या जागी दोन कार्बन असलेली जोडी बनवा, फॉस्फेट असेल तर एन्झाइमला न कापता येणारा फॉस्फोनेट, प्रकाश असेल तर अझोऐवजी न वाकणारा तेवढाच लांब गट. तोच इशारा, तेवढाच वेळ, तीच सांद्रता. कंट्रोलचं जेल जसंच्या तसं राहिलं आणि तुमचं सुटलं, तर स्विच बरोबर जागी बसलाय. दोन्ही सुटली तर दिव्याची उष्णता, मिठातला बदल किंवा रिड्यूसिंग एजंटचा पीएच यातलं काहीतरी काम करतंय, आणि तुम्हाला पायरी ४ ला परत जायचंय.